दस्तऐवजांचे जतन : मायक्रोफिल्म की डिजिटल स्कॅनिंग?

(विविध राज्यांतील ग्रंथपाल व अभिलेखपाल यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



दस्तऐवजांच्या जतनावर बोलण्यासाठी एका अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला बोलवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मला कागदाचे रसायनशास्त्र येत नाही आणि मी संगणकतज्ज्ञही नाही. मी आपला एक जुना ग्राहक आहे. आपण रुमाल सोडून पुढे ठेवलेल्या कागदांवर माझा पीएच.डी.चा प्रबंध उभा आहे. ज्वारी-बाजरीचे भाव, शेतमजुरांची मजुरी, सारामाफीचे हुकूम ही माझी सामग्री. ती कोणी तरी शंभर वर्षे सांभाळली म्हणून मला मिळाली. या ऋणाची जाणीव ठेवूनच आज मी बोलणार आहे.

आरंभी एक अनुभव सांगतो. नव्वदच्या दशकात एका कार्यालयाच्या दफ्तरखान्यात बसून मी बाजारभावांची पाक्षिक पत्रके हाताने उतरवून घेत होतो. वेळेअभावी तीन वर्षांची पत्रके राहून गेली. पुढे तेथे स्कॅनिंगचा प्रकल्प राबवला गेला. काही वर्षांनी उरलेले काम पुरे करावे म्हणून मी पुन्हा गेलो, तेव्हा मूळ कागद ‘स्कॅन झाले’ या शेऱ्यानिशी रद्दीत गेले होते. कपाटात सीडींचे डबे होते. त्यांतील काही वाचताच येईनात. ज्या उघडल्या त्यांतील पानांना केवळ अनुक्रमांक होते. कोणता क्रमांक म्हणजे कोणत्या तालुक्याचे कोणते पत्रक, हे सांगणारी यादी ठेकेदाराच्या संगणकावरच राहिली होती आणि ठेकेदाराचा ठावठिकाणा कोणालाही माहीत नव्हता. प्रकल्प मात्र वेळेत पूर्ण झाला होता. निधी शंभर टक्के खर्ची पडला होता आणि उपयोगिता प्रमाणपत्रही सादर झाले होते.

या प्रसंगात दोष कोणत्या यंत्राचा होता? मला वाटते, कोणत्याच यंत्राचा नव्हता. दोष हिशेबाचा होता. म्हणूनच ‘मायक्रोफिल्म चांगली की डिजिटल स्कॅनिंग चांगले’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा, असे माझे प्रतिपादन आहे. तो प्रश्न असा : विसाव्या वर्षीचा खर्च कोण करणार आहे?

कागद का ढासळतो?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा कागद प्रामुख्याने चिंध्यांचा आणि हातबनावटीचा होता. त्यानंतर लाकडाच्या लगद्याचा, तुरटी आणि राळ वापरून खळ दिलेला स्वस्त कागद आला. त्यातील आम्ल कागदाचे तंतू आतून कुरतडत राहते. त्यामुळे अनेकदा असे दिसते की, अठराव्या शतकातील मोडी पत्र हातात घेता येते, पण १९४० सालच्या वर्तमानपत्राची घडी उघडताच तुकडे पडतात. आपल्याकडील उष्णता, पावसाळ्यातील दमट हवा, वाळवी आणि कसर ही त्यात भर घालतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर किंवा तळघरात दफ्तर ठेवणे म्हणजे काय, याचा धडा अशा एका दिवसात मिळतो.

म्हणजे मजकूर मूळ कागदावरून दुसऱ्या माध्यमावर उतरवून घेणे अटळ आहे. प्रश्न आहे तो माध्यमाचा आणि त्याच्या किमतीचा.

मायक्रोफिल्मचा ताळेबंद

सूक्ष्मचित्रणाचे तंत्र छायाचित्रणाइतकेच जुने आहे. १८३९ साली इंग्लंडमध्ये जॉन डान्सर यांनी त्याचे पहिले प्रयोग केले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता रने दाग्रों यांनी सूक्ष्म फिल्मवर उतरवलेले संदेश कबुतरांच्या मार्फत शहरात पोहोचवले. विसाव्या शतकात बँका आणि ग्रंथालये यांनी हे तंत्र आपलेसे केले. पॉलिएस्टरच्या फिल्मवरील चांदीयुक्त जिलेटिनचे चित्र, योग्य प्रक्रिया आणि योग्य साठवण असेल तर, सुमारे ५०० वर्षे टिकावे अशी अपेक्षा आंतरराष्ट्रीय मानकांत धरलेली आहे. ते वाचण्यास भिंग आणि उजेड पुरेसा होतो. कोणत्याही आज्ञावलीची गरज लागत नाही.

आपल्या देशात या तंत्राने मोठे काम केले आहे. दिल्लीतील तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयाने (२०२३ पासून त्याचे नाव ‘प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय’ असे आहे) जुन्या वृत्तपत्रांचा मोठा संग्रह मायक्रोफिल्मवर केला. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने देशभरातील हस्तलिखितांची मायक्रोफिल्म करण्याचा कार्यक्रम राबवला. तमिळनाडूत कोट्टैयूर येथील रोजा मुथैया यांनी आयुष्यभर जमवलेला तमिळ पुस्तके व नियतकालिके यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९९४ मध्ये शिकागो विद्यापीठाने खरेदी केला. तो परदेशी न नेता चेन्नईतच ठेवून त्याची मायक्रोफिल्म करण्यात आली आणि त्याभोवती एक संशोधन ग्रंथालय उभे राहिले. मूळ वस्तू आपल्या भूमीवर, प्रत जगाला उपलब्ध, ही ती व्यवस्था होती. धोरण म्हणून ती आजही अनुकरणीय आहे.

मायक्रोफिल्मचा खरा गुण आपत्तीच्या वेळी दिसतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराजवळच्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात १९७५ पासून त्या देशातील महत्त्वाच्या अभिलेखांची मायक्रोफिल्म पोलादी पिंपांत साठवली जाते. ३ मार्च २००९ रोजी कोलोन शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत कोसळली. अनेक शतकांचे कागद मातीढिगाऱ्यात गेले. त्यांतील पुष्कळ जुन्या कागदांची चित्रे मात्र त्या बोगद्यात सुरक्षित होती. त्यांच्याकडे मधल्या काळात कोणालाही पाहावे लागले नव्हते. या गुणाला मी ‘दुर्लक्ष सहन करण्याची शक्ती’ म्हणतो. ज्या देशात अंदाजपत्रक एका वर्षी मिळते आणि पुढच्या वर्षी कापले जाते, तेथे या शक्तीला मोल आहे.

परंतु ताळेबंदाला दुसरीही बाजू असते. ‘५०० वर्षे’ या आकड्यामागे अटी आहेत. तापमान २१ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. कोलकाता, मुंबई, चेन्नई येथे पावसाळ्यात हे साधायचे तर बाराही महिने वातानुकूलन हवे, म्हणजे विजेचे बिल आले. जुनी ॲसिटेट फिल्म दमट हवेत विघटित होते आणि तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो. जिलेटिनवर बुरशी धरते. फिल्म बहुधा कृष्णधवल असते. त्यामुळे नकाशातील रंग, तांबड्या शाईतील दुरुस्ती, शिक्क्याची छटा हरवते. एका प्रतीवरून दुसरी प्रत काढली की स्पष्टता थोडी घटते. वाचकयंत्रे आणि त्यांचे सुटे भाग आज सहज मिळत नाहीत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, वाचकाला त्या एका खोलीतच यावे लागते. यंत्राचे हँडल फिरवत मी घालवलेल्या दुपारी आठवल्या की, त्या खोलीबद्दल मला आजही फारसे प्रेम वाटत नाही.

डिजिटलचा ताळेबंद

अर्थशास्त्रात आपण सार्वजनिक वस्तूची एक खूण सांगतो : एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. डिजिटल प्रत या व्याख्येत नेमकी बसते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. त्यांची चांगली डिजिटल प्रत उपलब्ध झाली तर पुण्याचा अभ्यासक, बडोद्याचा अभ्यासक आणि परदेशातील मराठी विद्यार्थी एकाच वेळी तेच पान वाचू शकतात. प्रत काढताना गुणवत्ता घटत नाही, रंग राखले जातात आणि छापील मजकुरात शब्दाने शोध घेता येतो. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ सुरू केले. पूर्वी ज्या कागदासाठी जिल्ह्याच्या गावातील संशोधकाला दिल्लीचे तिकीट काढावे लागे, त्यांतील बरेच कागद आता त्याला घरबसल्या दिसतात. हा लाभ प्रचंड आहे आणि मायक्रोफिल्मला तो कधीच देता आला नसता.

आता खर्चाकडे वळू. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआय या प्रमाणावर रंगीत स्कॅन केले आणि संकोचन न करता ठेवले तर सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. एक लाख पानांना २.६ टेराबाइट आणि एक कोटी पानांना २६० टेराबाइट लागतात. राष्ट्रीय अभिलेखागारात सार्वजनिक अभिलेखांची सुमारे ३४ कोटी पृष्ठे आहेत. ती सर्व याच प्रमाणावर स्कॅन केली असे गृहीत धरले तर केवळ एका प्रतीसाठी सुमारे ८,९०० टेराबाइट लागतील. वेगवेगळ्या ठिकाणी तीन प्रती ठेवणे शहाणपणाचे, म्हणजे याच्या तिप्पट. केवळ काळा-पांढरा स्कॅन केल्यास जागा चोविसाव्या भागावर येते, पण पेन्सिलीची टीप आणि शिक्क्याचा रंगही त्याबरोबर जातो. तुलनेसाठी, ३५ मिलिमीटर फिल्मच्या १०० फुटी रिळात साधारण ६०० ते ८०० चित्रे मावतात. तेवढ्याच पृष्ठांना सुमारे पाच लाख रिळे लागतील. ती रिळे ठेवण्यास मोठी इमारत लागेल, परंतु दर पाच-सात वर्षांनी ती बदलावी लागणार नाहीत.

डिजिटल साठ्याला मात्र बदल चुकत नाही. संगणकीय टेपचे एक प्रचलित मानक एलटीओ हे आहे. त्याची पहिली पिढी २००० साली आली आणि तीत १०० गिगाबाइट मावत. २०२१ मधील नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावतात. प्रगती डोळे दिपवणारी आहे. पण नवव्या पिढीचे यंत्र पहिल्या पिढीची टेप वाचत नाही. त्यामुळे मजकूर पिढीमागून पिढी नव्या माध्यमावर उतरवत राहावे लागते. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-पाहणीचे ‘डोम्सडे बुक’ आजही वाचता येते. तिच्या ९०० वर्षांच्या निमित्ताने बीबीसीने १९८६ मध्ये तयार केलेला लेसर डिस्कवरील लोकसंग्रह मात्र पंधरा-सोळा वर्षांतच वाचता न येण्याच्या स्थितीला पोहोचला. जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली तयार करून तो वाचवावा लागला. याशिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर झालेल्या सायबर हल्ल्यामुळे तिची ऑनलाइन सूची आणि अनेक डिजिटल सेवा कित्येक महिने बंद राहिल्या. कागद कपाटात होते, पण ते कोठे आहेत हे सांगणारी यंत्रणा ठप्प होती.

थोडक्यात, मायक्रोफिल्ममध्ये खर्चाचा मोठा भाग आरंभी होतो आणि पुढे साठवणीचा मर्यादित खर्च राहतो. स्कॅनिंगमध्ये आरंभीचा खर्च दिसतो, पण खरा खर्च नंतर सुरू होतो आणि तो कधीही संपत नाही. आपले अंदाजपत्रक नेमके याच्या उलट वागते. योजनेतून स्कॅनर येतो, सर्व्हर येतो, ठेकेदार येतो. योजना संपली की देखभालीचे शीर्षक रिकामे राहते.

व्याजदर आणि इतिहास

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या संग्रहाच्या स्कॅनिंगला १०० रुपये लागले आणि तो जिवंत ठेवण्यास, म्हणजे साठा, तपासणी, स्थलांतर आणि माणसे यांवर, दरवर्षी १० रुपये लागतात. ८ टक्के व्याजाने हे १० रुपये कायम मिळत राहावेत यासाठी १२५ रुपयांचा स्थायी निधी बाजूला ठेवावा लागेल. म्हणजे प्रकल्पाची खरी किंमत २२५ रुपये झाली. आपण मात्र मंजुरी १०० रुपयांची घेतो. साठवणुकीची साधने स्वस्त होत आहेत, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण या १० रुपयांत माणसांचे वेतनही आहे आणि ते स्वस्त होत नाही.

याच व्याजदराची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. शंभर वर्षांनंतर मिळणाऱ्या १०० रुपयांच्या लाभाचे आजचे मूल्य ८ टक्के दराने काढले तर ते सुमारे साडेचार पैसे भरते. म्हणजे निव्वळ खर्च-लाभाच्या गणिताने कोणतेही अभिलेखागार टिकणार नाही. हे गणित मी वर्गात शिकवतो आणि म्हणूनच त्याची मर्यादा सांगणे माझे कर्तव्य समजतो. पुढची पिढी आजच्या बाजारात बोली लावू शकत नाही. तिच्या वतीने बोली लावणे हे शासनाचे काम आहे.

शिवाय कोणता कागद केव्हा लागेल हे आज कोणालाही सांगता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दफ्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या कारकुनांनी त्या नोंदी केल्या आणि ज्यांनी त्या पुढे सांभाळल्या, त्यांनी या उपयोगाची कल्पनाही केली नसेल. जमिनीची मालकी, निवृत्तिवेतन, नागरिकाचे जन्मस्थान यांचे दावे अशाच एखाद्या जीर्ण पानावर ठरतात. त्या पानाचा मालक बहुधा गरीब असतो आणि त्याच्याजवळ दुसरी प्रत नसते.

निवड कशी करावी?

एकच उत्तर सर्व संग्रहांना लागू पडणार नाही. तरी काही व्यावहारिक कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी उपयोगाची. ज्या संग्रहाला वारंवार मागणी आहे, ज्यात रंग आणि नकाशे आहेत, त्याचे स्कॅनिंग करावे. मूळ कागदाची हाताळणी थांबते, हाही जतनाचाच भाग आहे. ज्या संग्रहाला मागणी विरळ, पण पुरावा म्हणून मोल मोठे आहे आणि मजकूर एकरंगी आहे, उदाहरणार्थ वृत्तपत्रांचे जुने खंड किंवा लेजर, तेथे फिल्म आजही विचारात घ्यावी.

दुसरी कसोटी संस्थेच्या ताकदीची. एखाद्या लहान ग्रंथालयाने स्वतःचा सर्व्हर चालवणे किफायतशीर नसते. साठवणीत मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ मिळतात. म्हणून स्कॅनिंग स्थानिक पातळीवर व्हावे, पण दीर्घकालीन साठा राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरील भांडारात असावा. अशा भांडारासाठी मानके उपलब्ध आहेत. आयएसओ १४७२१ हे त्याची रचना सांगते, तर आयएसओ १६३६३ हे त्याची विश्वासार्हता तपासते. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये या दुसऱ्या मानकाचे प्रमाणपत्र मिळाले. हे काम भारतात होऊ शकत नाही, असे म्हणण्यास आता जागा नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्येही डिजिटल जतनाचे केंद्र उभे राहिले आहे.

तिसरी कसोटी सूचीची. माझ्या त्या तीन वर्षांच्या पत्रकांना सीडीने नव्हे, यादीच्या अभावाने गमावले. प्रत्येक चित्राबरोबर त्याचा मूळ संदर्भ, दिनांक आणि स्थळ नोंदवलेले हवे आणि ती नोंद ठेकेदाराची नव्हे, संस्थेची मालमत्ता असावी. प्रत्येक फाइलचे ‘हॅश मूल्य’, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी अंकीय खूण, सुरुवातीलाच काढून ठेवावे आणि ठरावीक काळाने पडताळावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबतच्या प्रमाणपत्रात हे मूल्य द्यावे लागते. म्हणजे आता हा केवळ तांत्रिक सोपस्कार राहिलेला नाही.

जेथे निधी आहे आणि संग्रह अमूल्य आहे, तेथे दोन्ही मार्ग एकत्र आणता येतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९९० च्या दशकात फिल्मवरून स्कॅन करण्याचे, तर कॉर्नेल विद्यापीठाने स्कॅनवरून फिल्म काढण्याचे प्रयोग केले. दोन्ही शक्य असल्याचे दिसले. २०१७ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरील एका जुन्या खाणीत सुरू झालेल्या भांडारात तर डिजिटल माहितीच फिल्मवर उतरवून ठेवली जाते. उपयोगासाठी डिजिटल आणि विम्यासाठी फिल्म, असे हे श्रमविभाजन आहे. आपल्याकडे आधीच तयार असलेली मायक्रोफिल्म या दृष्टीने मोठी संपत्ती आहे. तिची तपासणी करून ती स्कॅन करणे हे नाजूक मूळ कागद पुन्हा उघडण्यापेक्षा बहुधा स्वस्त आणि सुरक्षित पडते. ‘जुने तंत्र’ म्हणून ती रिळे टाकून देऊ नयेत.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहिमेची घोषणा करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याचे उद्दिष्ट मांडले गेले. त्याचे स्वागत करताना माझी सूचना एवढीच : प्रत्येक मंजुरीपत्रात स्कॅनिंगच्या रकमेशेजारी पुढील वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि ती देणाऱ्या कार्यालयाचे नाव लिहिलेले असावे. तो रकाना रिकामा असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

शेवटचा मुद्दा मूळ कागदाचा. फिल्म असो वा स्कॅन, ती प्रत आहे. प्रत तयार झाली म्हणून मूळ नष्ट करण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला आपोआप मिळत नाही. केंद्र शासनाच्या अभिलेखांबाबत सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हे स्पष्ट करतो. विहित पद्धत डावलून अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. या कायद्याची आठवण ठेकेदाराला नव्हे, तर निर्लेखनाच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला व्हावी लागते. आपल्यापैकी अनेकांसमोर तो कागद येणार आहे.

माझ्या तक्त्यातील तीन वर्षांचे रकाने आजही रिकामे आहेत. त्या वर्षांत त्या तालुक्यात ज्वारी काय भावाने विकली गेली, मजुराच्या हातात किती धान्य पडले, हे आता कळण्याचा मार्ग मला दिसत नाही. आपल्या ताब्यातील कागदांबाबत असे कोणाला म्हणावे लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.